‘वेताल’ आणि ‘वेताळ’: सौंसर-पांढुर्ण्याकडून पाहिलेली चित्रकथांची मुखपृष्ठे

सौंसर आणि पांढुर्णा हे सातपुड्याच्या दक्षिण अंगाचे दोन तालुके २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून निघून पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात आले, परंतु या मुलखाचे भाषिक रूप त्याहून जुन्या एका फेरबदलाने ठरलेले आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा त्यावेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूर विदर्भासह द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि बाजारहाटासाठी, दवाखान्यासाठी व पुस्तकांसाठी नागपूरकडे पाहणारा हा मराठी पट्टा भोपाळच्या कारभाराखाली राहिला. घरात मराठी आणि सरकारी कामकाजात हिंदी अशी विभागणी त्यातून रुळली. या दोन्ही भाषा देवनागरीतच लिहिल्या जात असल्यामुळे येथील वाचकाला दुसऱ्या भाषेच्या पुस्तकाकडे जाण्यासाठी लिपीचा उंबरठा ओलांडावा लागत नाही. चित्रकथांच्या, म्हणजे ज्यांना सर्वत्र कॉमिक्स म्हटले जाते त्या पुस्तिकांच्या, मुखपृष्ठांचा इतिहास पाहताना ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात निघालेल्या मोठ्या चित्रकथामाला एकाच वेळी अनेक भाषांत छापल्या जात, आणि त्यांत भाषेगणिक अक्षरे बदलत असली तरी मुखपृष्ठावरचे चित्र बहुधा एकच राही. त्या चित्राकडे दोन्ही बाजूंनी पाहण्याची सोय जितकी या सीमेवरच्या वाचकाला होती, तितकी फार थोड्या ठिकाणी असेल.

चित्रकथेचे मुखपृष्ठ हा आतल्या चित्रांचाच एक मोठा केलेला तुकडा असतो, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. आतली चित्रे रेषेची असतात. काळ्या शाईने आकृती काढायची, तिच्या आत सपाट रंग भरायचा आणि संवादांसाठी फुगे मोकळे सोडायचे, अशी त्यांची रीत आहे, कारण तेथे डोळ्याला थांबवायचे नसून पुढच्या चौकटीकडे न्यायचे असते. मुखपृष्ठाचे काम नेमके उलटे आहे. दुकानासमोरून जाणाऱ्या माणसाला त्याने जागीच थांबवले पाहिजे, कथेतील आणीबाणीचा क्षण त्याच्यापुढे ठेवला पाहिजे आणि त्या क्षणाचा शेवट मात्र झाकून ठेवला पाहिजे. म्हणून मुखपृष्ठ पुष्कळदा पोस्टर कलर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अपारदर्शक जलरंगांत रंगवलेले, छायाप्रकाश आणि घनता असलेले स्वतंत्र चित्र असे, आणि ते काढणारा चित्रकार आतली पाने काढणाऱ्याहून वेगळाही असू शके. अमेरिकेत जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जो शस्टर यांनी काढलेला, हिरवी मोटार उचलून खडकावर आपटणारा सुपरमॅन आणि डाव्या कोपऱ्यात डोके धरून पळणारा माणूस, हा या कलेचा सर्वांत परिचित नमुना आहे. त्यातही खरी भीती त्या पळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर आहे, कारण प्रेक्षकाच्या अंगावर धावून येणारा तोच आहे.

मराठी घरांत छापील चित्र वाचण्याची सवय या पुस्तिकांच्या पुष्कळ आधीपासून होती. श्रावणात भिंतीवर चिकटवून पुजला जाणारा जिवतीचा कागद हे तिचे सर्वांत घरगुती उदाहरण होय. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि हत्ती व वाघ यांवर बसलेले बुध-बृहस्पती असे विभाग एकाखाली एक मांडलेले असतात, प्रत्येकाची कहाणी वेगळी असते आणि ती सांगणारी बाई बोटाने चित्र दाखवत जाते. चौकटींचे चित्र आणि त्यासोबतचे कथन यांची ही सांगड दक्षिण कोकणातल्या पिंगुळी येथील चित्रकथींच्या परंपरेशी नात्याने जवळ आहे. ठाकर समाजातले हे कथेकरी सुट्या कागदांवरची चित्रे एकामागून एक दाखवत रामायण-महाभारतातली आख्याने गात. ‘चित्रकथा’ हा शब्द आज कॉमिक्ससाठी सहज वापरला जातो, त्यामागे हा जुना व्यवसाय उभा आहे.

रंगीत छपाई घरोघर पोचली ती शिळाछापाने. या पद्धतीत गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढतात आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून एकाच कागदावर ते रंग एकावर एक चढवतात. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या चित्रशाळेने देवादिकांची आणि मराठी इतिहासपुरुषांची रंगीत चित्रे अशीच छापली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत उभा राहिला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. त्या छापखान्याच्या चित्रांनी देवतेचा चेहरा, साडीची चुणी आणि मागचा आकाशाचा रंग इतका पक्का केला की नंतरच्या पिढ्यांना सरस्वती किंवा दमयंती वेगळ्या रूपात आठवेनाशी झाली. पौराणिक चित्रकथांच्या मुखपृष्ठकारांनी ज्या चेहऱ्यांवर भिस्त ठेवली, ते चेहरे वाचकाच्या मनात आधीच तयार होते.

या वारशाचे मुखपृष्ठाच्या धंद्यात रूपांतर करणाऱ्यांत दोन गोमंतकीय चित्रकार अग्रभागी होते. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी मराठी ग्रंथांची असंख्य वेष्टने रंगवली आणि १९४५ पासून ‘दीपावली’ हा वार्षिक अंक काढून चित्राला साहित्याच्या बरोबरीची जागा दिली. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांची कॅलेंडरांवरची देवचित्रे आणि कथा-कादंबऱ्यांची मुखपृष्ठे त्यांच्या मऊ, उजळ कांतीमुळे लांबूनही ओळखू येत. दलालांची रेषा वळणदार व थोड्यात सांगणारी आहे, मुळगावकरांचा भर त्वचेच्या आणि दागिन्यांच्या झळाळीवर आहे; पुढच्या चित्रकथाकारांत या दोन्ही वृत्तींचे वारसदार सापडतात. नागपूरहून निघणारे ‘मुलांचे मासिक’ आणि पुण्याचे वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेले ‘आनंद’ यांच्यासारख्या नियतकालिकांनी बालवाचक घडवला होता, तरी बालवाचकाचे मुखपृष्ठ भरगच्च रंगांत नाहून निघाले ते मद्रासहून आलेल्या एका मासिकामुळे.

जुलै १९४७ मध्ये बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तेलुगू व तमिळ भाषांत ‘चंदामामा’ सुरू केले. १९४९ मध्ये त्याची हिंदी आवृत्ती निघाली आणि १९५२ मध्ये मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने आली. एकच अंक दोन नावांनी निघणे ही सौंसर-पांढुर्ण्याच्या भाषिक स्थितीची जणू छापील प्रतिमाच होती, कारण हिंदी ‘चंदामामा’ आणि मराठी ‘चांदोबा’ यांच्यातली चित्रे तीच असत. मुखपृष्ठे रंगवणाऱ्यांत एम. टी. व्ही. आचार्य आणि ‘वपा’ या सहीने प्रसिद्ध असलेले वड्डादि पापय्या ही नावे प्रमुख आहेत, तर के. सी. शिवशंकरन ऊर्फ शंकर यांनी विक्रम-वेताळाच्या कथांसाठी काढलेले, स्मशानातून प्रेत खांद्यावर घेऊन निघालेल्या तलवारधारी राजाचे चित्र आतल्या पानावरचे असूनही मासिकाचे बोधचिन्हच बनले. वपांच्या मुखपृष्ठांत दाक्षिणात्य अलंकार, भडक तरी एकमेकांना सांभाळून घेणारे रंग आणि आकृत्यांची दाटी आढळते. ती चित्रे थांबवतात, परंतु दचकवत नाहीत. त्यांचे जग पुराणकथेचे होते आणि पुराणकथेत पुढे काय होणार हे बहुधा वाचकाला ठाऊक असे.

दचकवणारे मुखपृष्ठ मार्च १९६४ मध्ये आले. मुंबईच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने, त्या महिन्यात ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू केली. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला फँटम हा तिचा पहिला नायक होता, आणि इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांत ती वाचली गेली. आतल्या चित्रकथा परदेशी वृत्तपत्रांतून आलेल्या पट्ट्या जुळवून तयार होत, परंतु मुखपृष्ठ मात्र येथेच रंगवले जाई. पहिल्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठे बी. गोविंद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोविंद ब्राह्मणिया यांची आहेत. सुरुवातीच्या अंकांच्या मलपृष्ठावर, म्हणजे मागच्या बाहेरच्या पानावर, भिंतीला लावता येईल असे पूर्ण चित्रही दिलेले असे.

गोविंद यांच्यापुढचा प्रश्न सोपा नव्हता. अमेरिकेत १९६२ पासून गोल्ड की या प्रकाशनसंस्थेचा फँटम जॉर्ज विल्सन यांच्या रंगचित्रांची वेष्टने लेवून येत होता आणि तुलना होणे अटळ होते. शिवाय नायक स्वतःच चित्रकाराला अडचणीत टाकणारा होता, कारण त्याच्या चेहऱ्यावर मुखवटा आहे, डोळ्यांच्या जागी बुबुळे दिसत नाहीत आणि संपूर्ण शरीर एकाच रंगाच्या घट्ट पोशाखात आहे. भावना चेहऱ्यावर दाखवायची नाही, तर ती कोठे दाखवायची? गोविंद यांनी ती शरीराच्या कलात, हाताच्या मुठीत आणि भोवतालच्या जंगलात दाखवली. हिरव्या-पिवळ्या पानांच्या गर्दीत जांभळी आकृती उभी राहिली की पूरक रंगांच्या न्यायाने, म्हणजे रंगचक्रावर समोरासमोर असणारे रंग एकमेकांना उठाव देतात या नियमाने, ती आपोआप पुढे येते. पांढरा घोडा, लांडगा आणि कवटीची अंगठी या ठरलेल्या खुणा त्या आकृतीभोवती दर वेळी नव्या रीतीने मांडाव्या लागत. भारतीय चित्रकथांच्या मुखपृष्ठांत गोविंद यांचे हे काम सर्वांत वरच्या पंक्तीत बसते आणि विल्सन यांच्या चित्रांशेजारी ठेवल्यास ते कित्येकदा उजवेही वाटते. विल्सन यांचे जंगल ऐकीव आहे, गोविंद यांच्या जंगलात ऊन ओळखीचे पडते.

एकच चित्र अनेक भाषांत कसे जाई, हे समजून घेण्यासाठी छापखान्यात डोकावले पाहिजे. रंगचित्राचे छायाचित्र वेगवेगळ्या गाळण्यांतून घेऊन त्याचे चार रंगांत विभाजन केले जाते: निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. प्रत्येक रंगाचा चित्रांश बारीक ठिपक्यांच्या जाळीत उतरवून त्याची स्वतंत्र प्लेट तयार होते आणि कागद चारही प्लेटांखालून गेला की ठिपके मिसळून मूळ रंगांचा भास होतो. यांत खर्चाचा मोठा भाग रंगांच्या तीन प्लेटांचा असतो. मजकूर काळ्या प्लेटवर ठेवला, तर भाषा बदलण्यासाठी तेवढीच प्लेट नव्याने करावी लागते आणि उरलेल्या तीन सर्व भाषांना समाईक राहतात. बहुभाषिक चित्रकथा भारतात परवडली ती या युक्तीमुळे. फँटमचा जांभळा रंग निळा व किरमिजी यांच्या मिश्रणातून येतो. त्यामुळे प्लेटांची जुळणी केसभर सरकली तरी त्याच्या खांद्याला एका बाजूने गुलाबी आणि दुसऱ्या बाजूने निळी कड दिसते. जुने अंक शेजारी ठेवून पाहिले, तर एकाच चित्राच्या दोन प्रतींत ही कड वेगवेगळी आढळते.

या व्यवस्थेचा ताण चित्रकारावरही पडे. शीर्षकासाठी सोडायची मोकळी जागा एकाच भाषेच्या मापाने ठरवून चालत नसे, कारण इंग्रजीतले दोन शब्दांचे नाव तमिळमध्ये लांबते आणि देवनागरीत आडवे कमी तरी उभे अधिक पसरते. शिरोरेषेच्या वर वेलांटी व मात्रा येतात आणि खाली उकार लोंबतात. म्हणून आकाश, भिंत, धूर किंवा गुहेचा अंधार असा शांत भाग बहुधा वरच्या बाजूला ठेवून घटना खाली व कोपऱ्यांकडे ढकलली जाई. अक्षरकाराचे काम, म्हणजे शीर्षक हाताने रेखाटणे, ही त्याकाळी वेगळी कारागिरी होती. त्याच टाइम्स समूहात नोकरी केलेल्या कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी घडवलेली नामाक्षरे पाहिली, म्हणजे एखाद्या अक्षराच्या वळणाने कथेचा स्वभाव कसा सांगता येतो याची कल्पना येते.

हिंदी आणि मराठी आवृत्त्यांच्या शीर्षकांत तर हा सारा फरक कधीकधी एका अक्षरावर येऊन ठेपे. फँटमला हिंदीत ‘वेताल’ म्हटले गेले आणि मराठीत ‘वेताळ’. हिंदी वर्णमालेत ‘ळ’ नाही. मराठीत तो बाळात, काळ्यात, पोळ्यात सर्वत्र आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने या एका अक्षराने परदेशी नायकाला गावकी मिळाली, कारण वेताळ ही कोकण-गोव्यात पुजली जाणारी आणि महाराष्ट्रभर कथांतून वावरणारी देवता आहे. ज्या मुलाने ‘चांदोबा’त झाडाला लोंबणारा वेताळ पाहिला होता, त्याला मुखवटा घातलेला हा दुसरा वेताळ नावाने तरी परका नव्हता. अनुवादकाने केलेली ही निवड मुखपृष्ठाच्या चित्राला एकाही रंगाच्या ठिपक्याचा धक्का न लावता त्याचा अर्थ बदलते, आणि दोन्ही भाषा वाचणाऱ्या सौंसर-पांढुर्ण्याच्या वाचकाला हा बदल समोरासमोर ठेवून पाहता येत होता.

इंद्रजालने १९७६ मध्ये आबिद सुरती यांच्या लेखणीतून बहादूर हा भारतीय नायक आणला आणि त्याची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांच्याकडेच सोपवली. भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला हा तरुण डाकूंशी लढतो. चंबळचे दरोडेखोर त्या काळी मध्य प्रदेशातल्या वर्तमानपत्रांचा नित्याचा विषय होते, त्यामुळे फँटमच्या काल्पनिक जंगलाच्या तुलनेत बहादूरच्या मुखपृष्ठावरची खडकाळ घळ या राज्यातल्या वाचकाला बातमीसारखी वाटावी, यात आश्चर्य नाही. पोशाखाचा भगवा रंग तपकिरी मातीवर फारसा उठत नाही, आणि वेताळाच्या मुखपृष्ठांतली चमक येथे उणावते. तिच्या बदल्यात चित्रकाराला नायकाचा उघडा चेहरा मिळाला होता, आणि त्याचा त्याने पुरेपूर उपयोग केला.

अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाऊससाठी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ची गोष्ट बरीच परिचित असल्याने येथे तिच्यातले मुखपृष्ठाशी निगडित तेवढेच पाहणे पुरे. राम वाईरकर यांनी चित्रित केलेला ‘कृष्ण’ हा तिचा पहिला भारतीय विषयावरचा अंक होता. त्यानंतर प्रताप मुळीक, चंद्रकांत विटणकर, दिलीप कदम, संजीव वाईरकर अशा मराठी चित्रकारांची रांगच या मालेत लागली, तिच्याबरोबर युसुफ लीन यांच्यासारखे स्वतंत्र वळणाचे चित्रकारही होते. आरंभीच्या अंकांत पैशांच्या ओढीमुळे आतली पाने पिवळा, निळा व हिरवा एवढ्याच रंगांत छापली जात. आत असा रंगांचा उपवास असल्यामुळे पूर्ण रंगातले मुखपृष्ठ आतल्या पानांनी पाळता न येणारे वचन देई, आणि वाचक ते वचन मनातल्या मनात पुरे करून घेई: एकदा मुखपृष्ठावर शेल्याचा केशरी पाहिला की आतल्या पिवळ्या शेल्यालाही तो केशरीच समजे. या माला घडवणाऱ्यांनी रविवर्म्याच्या चेहऱ्यांचा आधार घेतला आणि त्यामुळे पुराणपुरुष एकसारखे गोरे व देखणे झाले, हा अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे. तरीही मुळीकांच्या ऐतिहासिक चित्रांत घोड्याच्या मानेचा ताण, पागोट्याचा पीळ आणि गडाच्या तटाची चढण ज्या जाणकारीने येते, ती पाठ्यपुस्तकांतल्या तत्कालीन चित्रांत क्वचितच दिसते.

याच मुळीकांचे नाव पुढे एका वेगळ्याच ठिकाणी आढळते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ हा हिंदी महानायक काढला, आणि त्याचे आरंभीचे रूप, म्हणजे हिरवी खवलेदार काया, भरदार छाती आणि मनगटांतून सुटणारे साप, घडवण्यात पुण्याच्या प्रताप मुळीकांचा मोठा वाटा होता. देवतांची शांत मुद्रा रंगवण्यात मुरलेल्या हाताने आता विषारी हिरवा निवडला, आकृती मुखपृष्ठाच्या चौकटीबाहेर झेपावल्यासारखी तिरपी केली आणि मागे जांभळा-काळा अंधार ठेवला. प्राण यांच्या ‘चाचा चौधरी’ची साध्या, ठळक रेषेची मुखपृष्ठे त्या वेळी डायमंड कॉमिक्समुळे हिंदी मुलखात सर्वत्र होती. त्यांच्या शेजारी नागराजचे रंगवलेले मुखपृष्ठ ठेवले की दोन वेगळे व्यवसाय दिसतात: एक व्यंगचित्रकाराचा आणि दुसरा चित्रपटाच्या फलकाचा. मराठी चित्रकाराचे हे सर्वांत आक्रमक काम हिंदीत अवतरले. त्यामुळे त्याला आपले म्हणून वाचू शकणारा मराठी वाचक जितका पुण्यात होता, तितकाच, किंबहुना अधिक स्वाभाविकपणे, हिंदीत शाळा शिकणाऱ्या मध्य प्रदेशातल्या मराठी गावांत होता.

या पुस्तिकांचा प्रसार रेल्वेच्या वाटेने झाला. पांढुर्णा नागपूर-इटारसी या मुख्य मार्गावर आहे, तर सौंसर नागपूर-छिंदवाडा या, अलीकडच्या रुंदीकरणापर्यंत अरुंद मापाच्या, मार्गावर. एकीकडून उत्तरेचा हिंदी माल आणि दुसरीकडून नागपूरचा मराठी माल येण्यास दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. मध्य भारतातल्या लहान गावांत चित्रकथा विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणून वाचण्याची पद्धत अधिक रूढ होती. दुकानदार काही पैशांत एक अंक एका दिवसासाठी देई, सुतळी आडवी बांधून तीवर अंक मधोमध उघडून टांगत असे आणि त्यामुळे मुखपृष्ठे एका रांगेत बाहेरच्या बाजूला येत. चित्रकाराने दुकानाच्या फळीसाठी योजलेली रचना येथे अर्धी दुमडून, वाऱ्यावर हलत, उन्हात लोकांपुढे येई. उन्हात सर्वांत आधी उडतात ते किरमिजी आणि पिवळा, त्यामुळे दोरीवर वर्ष काढलेल्या वेताळाचा जांभळा निळसर पडत जाई.

दूरदर्शनचा विस्तार झाला, १९९० मध्ये इंद्रजाल कॉमिक्स आठशेंहून अधिक अंकांनंतर बंद पडले, आणि भाड्याच्या दोऱ्याही हळूहळू उतरल्या. मुखपृष्ठकाराचे नाव छापण्याची पद्धत सर्वत्र नसल्यामुळे कित्येक चित्रे आज कोणाची ते केवळ ब्रशच्या वळणावरून ओळखावे लागते, आणि अंक हाताळताना पहिले सुटते ते पिनेवरचे मुखपृष्ठच. शाळेच्या वह्यांप्रमाणे तपकिरी कागद चढवलेले खासगी अंक त्यातल्या त्यात टिकले. भाड्याच्या अंकाला असा कागद लावता येत नसे, कारण त्याचे चित्र हीच दुकानाची पाटी होती. अशा मुखपृष्ठ गळालेल्या अंकातली कथा तीच, चौकटी त्याच आणि रंगही तेच असतात. तो अंक नागपूरच्या वाटेने आला की उत्तरेच्या, हे मग नायकाला पहिल्यांदा हाक मारणाऱ्या संवादाच्या फुग्यात ‘ल’ आहे की ‘ळ’, एवढ्यावरून ठरवावे लागते.